भुजंगरावांनी दोन कंठांची गिटार निवडली ते वर्तमान

नादरूपिणी जी वाग्देवी, जिचे वीणेस उतरविणे नाही आणि बदलणेही नाही, तिचे चरणी मस्तक ठेविले, आणि ज्या गुरुजनांनी बोलण्याआधी ऐकावयास शिकविले त्यांचे स्मरण केले, आणि मग हे वर्तमान लिहावयास घेतले. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर, आश्विन शुद्ध दशमीस एक विपरीत घडले आणि मार्गशीर्ष पौर्णिमेस त्याचा परिहार जाहला, तितक्या अवधीची ही हकीकत आहे. राज्याचे नाव लिहिणे नलगे. गड नाही, गज नाही, तुरंग नाही. एक ऑर्केस्ट्रा, सात असामी, दोन थोर स्पीकर, सामानास एक टेंपो, आणि नदीच्या दोहों तीरांची चाळीसेक गावे, इतकाच मुलूख. परंतु ज्या गावी हे राज्य एक सायंकाळ उतरले त्या गावी पुढे महिनाभर लोक त्याच चाली गुणगुणत असत, आणि इतकी सत्ता पुष्कळ राज्यांस लाभत नाही.

हे राज्य कैलासवासी अनंतरावसाहेबांनी शके अठराशे नव्व्याण्णवांत स्थापिले. तो काळ आम्ही पाहिला आहे. कापडी मंडप, बांबूस बांधिलेला कर्णा, सतरंजीवर दाटीने बसलेली रयत, आणि पहिला सूर निघण्यापूर्वी कर्ण्यांतून ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ ऐसे शब्द निघत आणि तेवढ्यावरच टाळ्या पडत. पुढे अनंतरावसाहेब निवर्तले, तेव्हा त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाईसाहेब गादीवर आल्या, म्हणजे मधल्या माइकापुढे उभ्या राहिल्या, आणि राज्य राखिले. धन्यांनी स्वतः रचिलेले एक ‘घाटाचे गीत’ होते, आणि प्रत्येक दरबाराची, म्हणजे कार्यक्रमाची, समाप्ती त्यानेच व्हावी ऐसा शिरस्ता होता. त्या गीताचे पूर्वार्धी नदी संथ आहे, तेथे लाकडी पोकळ गिटार बोटांनी छेडावी, आणि उत्तरार्धी नदीस पूर आहे, तेथे विजेची गिटार लांब सुरांनी ओढावी. आता मनुष्यास खांदे दोन असले तरी गिटार एका वेळी एकच वाजते. म्हणोन धन्यांनी मध्ये सोळा मात्रा नुसत्या ढोलकीच्या ठेविल्या, आणि तितक्या अवधीत गिटार बदलावी ऐसा नेम केला.

गिटारीचे सरदार नीळकंठराव पेंडुरकर, शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. आणि गिटार बदलून देणारे भुजंगराव शेलार, त्यांचे बालमित्र, यांचे बाजारपेठेत सायकलचे दुकान होते. भुजंगरावांस एकही वाद्य येत नव्हते, परंतु ताल रक्तात होता. ढोलकीची पहिली मात्रा पडताच ते डाव्या विंगेतून, स्पीकरच्या बाजूने, पांढरा सदरा घालून निघत, आणि चौथीस लाकडी गिटार मानेशी धरून उतरवीत, आणि आठवीस विजेची खांद्यावर चढवीत, आणि बारावीस पट्ट्याचे भोक गुंडीवर बसवून वायर खुपशीत, आणि सोळावी पडण्यापूर्वी दिसेनासे होत. ऐसे एकोणतीस वर्षे चालिले. रयत त्या सोळा मात्रांची वाट पाही आणि भुजंगराव दिसताच टाळ्या पिटी. कित्येक गावी नीळकंठरावांचे नाव ठाऊक नसे, परंतु ‘तो गिटार देणारा आला का?’ म्हणोन विचारणा होई. भुजंगराव वरपांगी म्हणत, ‘मी कसला कलावंत, मी हमाल.’ परंतु तो पांढरा सदरा ते वर्षभर इतरत्र कोठेही घालीत नसत.

ऐसे असता आश्विन शुद्ध दशमीस नदीपलीकडच्या गावी दरबार भरला. भुजंगरावांस अडुसष्ट वर्षे पुरी जाहली होती आणि गत वर्षापासून उजव्या हातास कंप सुटला होता, तो त्यांनी कोणास सांगितला नव्हता. पहिल्या आठ मात्रा यथास्थित गेल्या. मग पट्ट्याचे भोक गुंडीवर बसेना. बारा जाहल्या, सोळा जाहल्या, चोवीस जाहल्या, ढोलकीवाला घामाघूम होऊन फिरून फिरून तोच ठेका धरी, आणि गिटार घसरली ती नीळकंठरावांनी गुडघ्यावर झेलिली, आणि बाईसाहेबांनी प्रसंग जाणोन मध्येच आलाप उचलिला आणि बत्तिसाव्या मात्रेपर्यंत ओढून नेला. रयतेस वाटले काही नवीन बांधिले आहे; तिने दुप्पट टाळ्या दिल्या. त्या टाळ्या ऐकून भुजंगराव विंगेत खोक्यावर बसले ते सामान टेंपोत चढेतो उठले नाहीत.

दुसरे दिवशी सकाळी नीळकंठराव सायकलच्या दुकानी गेले. भुजंगराव चाकाचे आरे कसत होते आणि पाना हातात ठरत नव्हता. नीळकंठराव म्हणाले, ‘काल गुंडीच सैल होती. मी बदलून घेतो.’ भुजंगराव म्हणाले, ‘गुंडी घट्ट आहे. मी सैल झालोय. हात थरथरला तर चहा बशीत सांडतो, तेवढं चालतं. स्टेजवर नाही चालत.’ नीळकंठराव म्हणाले, ‘मग दुसरं गाणं घेऊ शेवटाला.’ इतक्यात बाईसाहेबांची स्वारी रिक्षातून उतरली. त्यांनी हे शब्द ऐकिले आणि उभ्याउभ्याच आज्ञा केली, ‘दुसरं गाणं नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेला ह्यांना जाऊन पंधरा वर्षं होतात, आणि माझा गळा पुढल्या वर्षी कसा असेल ते मला माहीत नाही. त्या दिवशी घाटाचं गीत पुरं झालं पाहिजे, दोन्ही आवाजांत. कसं ते तुम्ही दोघं बघा.’ नीळकंठराव म्हणाले, ‘भुजंगाशिवाय दुसऱ्याच्या हातून मी गिटार घेणार नाही, बाईसाहेब.’ तेव्हा भुजंगरावांनी पाना खाली ठेविला आणि बोलिले, ‘कोणाच्याच हातून घेऊ नकोस. लग्नाच्या बँडवाल्यांकडे हल्ली एक गिटार असते, एकीतच दोन्ही आवाज. स्विच ओढला की झालं. तसली आण.’ नीळकंठराव म्हणाले, ‘आणि तू?’ भुजंगराव म्हणाले, ‘मी निवडायला येतो की. एकोणतीस वर्षं उचलल्यात, वजन तरी कळतं मला.’

मग मसलत ठरली आणि दुसरे पंधरवड्यांत तिघांची स्वारी पहाटेच्या एस.टी.ने तंतुवाद्यांच्या पेठेकडे कूच करिती जाहली. त्या पेठेत करीमसाहेब म्हणोन थोर कारागीर होते. त्यांच्या वाडवडिलांनी सतारी घडविल्या आणि त्यांनी काळ ओळखून दुकानाचे अर्ध्या भागांत गिटारी टांगिल्या, परंतु बसण्यास जाजमच होते, आणि पारखण्याची रीतही जुनीच. सतार घेते वेळी भोपळा बोटाच्या पेराने ठोकावा, कान पोटास लावावा, नाद किती वेळ रेंगाळतो ते पाहावे, ही रीत. त्याच रीतीने तिघे जाजमावर मांडी घालून बसले, आणि करीमसाहेबांनी दोन कंठांच्या गिटारी एकामागून एक काढिल्या. प्रत्येकीत तारांखाली लोहचुंबक होते, ते विजेचा आवाज देई, आणि जेथे तारा टेकतात त्या पट्टीखाली स्फटिकाचा सूक्ष्म कान बसविला होता, तो लाकडाचा आवाज टिपी, आणि एक स्विच या दोहोंपैकी एकास बोलवी, आणि एक गोल बटण दोहोंस मिसळी. करीमसाहेबांनी एक मोठ्या पोटाची गिटार घेऊन पाठीवर पेर मारिले, तो नाद ऐसा भरला की शेजारच्या सतारींच्या तारा आपोआप गुणगुणल्या. बाईसाहेब म्हणाल्या, ‘वा! देवळात उभं राहिल्यासारखं वाटलं.’ मग त्यांनी एक पातळ अंगाची काढिली. तिचे पोट जेमतेम तीन बोटे खोल आणि आत बहुतेक लाकूड भरीव. पेर मारिले तो पाटावर मारावे तैसे ‘टक्’ जाहले. नीळकंठराव हसून म्हणाले, ‘हिचा तर घसा बसलाय.’ करीमसाहेबही हसले आणि बोलिले, ‘मास्तर, ही बाई वायरीशिवाय बोलतच नाही. खोळीत घालतो परत.’ वायर जोडोन पाहावी हे कोणास सुचले नाही, कारण त्या जाजमावर आजवर कोणीच कोणतेही वाद्य वायर जोडोन पारखिले नव्हते. भुजंगराव मात्र पातळ गिटार हातांत घेऊन पुष्कळ वेळ बसले, आणि काही बोलिले नाहीत, आणि मोठ्या पोटाची खरेदी होऊन स्वारी माघारी आली.

मग शाळेच्या दालनात तालीम जाहली. नीळकंठराव खुर्चीवर बसून हलक्या आवाजात वाजवीत तोवर सर्व धन्य धन्य म्हणाले. परंतु बाईसाहेब म्हणाल्या, ‘आता उभे राहा, आणि दरबारात असतो तेवढा आवाज सोडा.’ स्पीकर चढविले, ढोलकी सुरू जाहली, नीळकंठरावांनी लाकडाचा कंठ खुला केला, तो स्पीकरांतून एक घुमारा उठला, आणि वाढत वाढत त्याची कर्कश शीळ जाहली, आणि छतातील कबुतरे उडाली, आणि शिपाई झाडू टाकून बाहेर पळाला. गिटारीचे पोकळ पोट स्पीकरचा आवाज ऐके आणि तोच परत स्पीकरास देई, आणि स्पीकर तो दुणावून पुन्हा पोटास देई, ऐसे चक्र जाहले. मग गिटारीच्या तोंडात रुमाल कोंबिला, मग बाईसाहेबांची शाल कोंबिली. शीळ थांबली, परंतु आवाज गोधडीखालून आल्यासारखा येऊ लागला. नीळकंठरावांनी गिटार उतरविली आणि म्हणाले, ‘नकोच हे. भुजंगा, आपली जुनी जोडीच बरी. तू सराव कर, मी ढोलकीला चोवीस मात्रा सांगतो.’ त्यांच्या बोलण्यात खेद थोडा आणि सुटका अधिक होती, हे बाईसाहेबांनी ओळखिले.

तेव्हा भुजंगराव बोलिले, ‘नीळ्या, तुम्ही सगळे आवाज समोरून ऐकता. मी एकोणतीस वर्षं स्पीकरच्या कुशीत उभा आहे. तुझी लाकडी गिटार माझ्या हातात आली की कशी थरथरायची ते तुला नाही माहीत, मला माहीत आहे. जिवंत कोंबडी धरल्यासारखी. म्हणून मी तिच्या भोकावर तळवा ठेवूनच विंगेत जायचो. जेवढं पोट मोठं तेवढी ती स्पीकरशी भांडते. तिथं दुकानात ती पातळ हातात घेतली तेव्हाच मला वाटलं होतं, ही भांडणार नाही.’ बाईसाहेब म्हणाल्या, ‘मग तिथंच का बोलला नाहीत, भुजंगराव?’ भुजंगराव म्हणाले, ‘बाईसाहेब, खोटं कशाला सांगू. नीट गिटार मिळाली नाही तर माझी नोकरी राहते, असं आलं मनात.’

मग दुसरी स्वारी निघाली. करीमसाहेबांनी मोठी गिटार परत घेतली आणि म्हणाले, ‘मास्तर, निम्मी चूक तुमची, निम्मी माझी. तुम्ही सतार घ्यायला आल्यासारखं ऐकलंत, आणि मी सतार विकल्यासारखी विकली.’ मग जाजम गुंडाळिले. दुकानातील सर्वांत मोठा स्पीकर मागील अंगणात आणविला, पातळ गिटार वायरीने जोडिली, आणि नीळकंठराव उभे राहिले, आणि भुजंगराव स्पीकरच्या बाजूस आपल्या नेहमीच्या जागी जाऊन डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, ‘सोड.’ लाकडाचा कंठ खुला जाहला. जी घसा बसलेली म्हणोन हिणविली होती तिच्यांतून संथ पाण्यासारखा स्वच्छ नाद आला, आणि आवाज चढविला तरी शीळ नाही, आणखी चढविला तरी नाही. मग स्विच ओढिला आणि पूर आला. भुजंगरावांनी पुढे येऊन गिटारीच्या पाठीवर तळवा ठेविला, आणि ती स्थिर होती, थरथर होती ती त्यांच्याच हाताची. ते म्हणाले, ‘हीच.’ नीळकंठराव म्हणाले, ‘मान अरुंद आहे.’ भुजंगराव म्हणाले, ‘हीच.’ नीळकंठराव म्हणाले, ‘रंग भडक आहे, आणि माझ्या बोटांना स्विच लांब पडतो.’ भुजंगराव म्हणाले, ‘नीळ्या, नाटकं पुरे. तुझी बोटं मी सहा वर्षांचा असल्यापासून बघतोय, माझ्या डब्यातल्या वडीपर्यंत बरोबर पोचायची.’ करीमसाहेब हसले, बाईसाहेब हसल्या, नीळकंठरावांस मात्र हसू येईना. ते म्हणाले, ‘ही घेतली तर तू कुठं उभा राहणार?’ भुजंगराव म्हणाले, ‘बसेन. पहिल्या रांगेत खुर्ची द्या मला, हाताची. पुढून कसं ऐकू येतं ते एकदा बघू तरी.’ आणि खोळीचे बंद आपणच बांधावयास बसले, आणि पुष्कळ वेळ लागला, परंतु कोणी मध्ये हात घातला नाही.

मार्गशीर्ष पौर्णिमेस पाचाचे सुमारास दरबार भरला. चाळीस गावची रयत लोटली होती. भुजंगराव पहिल्या रांगेत हाताच्या खुर्चीवर, अंगात तोच पांढरा सदरा. गीतामागून गीत जाहले, आणि बाईसाहेबांनी धन्यांचे नाव घेऊन घाटाचे गीत आरंभिले. पातळ गिटार लाकडाच्या कंठाने ऐसी बोलिली की जाणत्या म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. मग पूर्वार्ध सरला आणि ढोलकीची पहिली मात्रा पडली. आता नीळकंठरावांचे दोन्ही हात मोकळे होते आणि गिटार खांद्यावरच होती. परंतु त्यांनी हात खाली सोडिले आणि मान लववून उभे राहिले. ढोलकी एकटी वाजत राहिली. रयत डाव्या विंगेकडे पाहे, तेथे कोणी नाही. टाळ्यांसाठी उचललेले हात तैसेच राहिले. चौथी गेली, आठवी गेली, बारावी गेली, ओझे उचलिलेला मनुष्य जैसा पायऱ्या मोजतो तैसे भुजंगराव खुर्चीत बसून बोटांवर मोजीत होते, आणि त्यांचे मुख लाल जाहले. सोळावीनंतर स्विच ओढिला गेला आणि उत्तरार्ध यथासांग होऊन गीत समाप्त जाहले.

मग ‘वन्स मोअर’चा गजर जाहला, आणि त्या गजरात भुजंगराव खुर्चीचे हात धरून उठले आणि मोठ्याने बोलिले, ‘नीळ्या! मधले सोळा का सोडलेस?’ मंडप शांत जाहला. नीळकंठराव माइकापासून दूर होऊन म्हणाले, ‘ती तुझी जागा आहे.’ भुजंगराव म्हणाले, ‘मी तिथं नाही, मी इथं आहे! रिकामी ठेवायला ती काय गेलेल्या म्हाताऱ्याची पारावरची जागा आहे? हात आहेत तुला, वाजव!’ बाईसाहेब माइकांतून म्हणाल्या, ‘भुजंगराव, दरबारात ओरडू नये.’ ते म्हणाले, ‘बाईसाहेब, आजपासून मी रयत. रयत ओरडणारच.’ तेव्हा ऐसा हशा उसळला की ढोलकीवाल्यास ठेका धरवेना. हशा सरला, आणि बाईसाहेबांनी गीत फिरून आरंभिले.

पूर्वार्ध सरला, पहिली मात्रा पडली. नीळकंठरावांनी क्षणैक भुजंगरावांकडे पाहिले आणि लाकडाचे कंठाने दोन सूर छेडिले, आणि मग स्विचास हात न लाविता ते गोल बटण, जे दोहों आवाजांस मिसळिते, हळूहळू फिरवू लागले. संथ पाण्याखाली विजेचा सूर एका रेषेएवढा आला, मग दोन रेषा, आणि दोन्ही नाद एकमेकांत ऐसे चालू लागले की लाकूड कोठे सरले आणि वीज कोठे लागली ते कोणास सांगता येईना. धन्यांनी नदी संथ रचिली होती आणि पूर रचिला होता, परंतु पाणी चढते कैसे हे त्या गीतात कधीच नव्हते, कारण त्या वेळी गिटार एका मित्राचे हातातून दुसऱ्याचे खांद्यावर जात असे. ते त्या दिवशी प्रथम ऐकिले. बाईसाहेब उत्तरार्धाचा पहिला शब्द उचलण्यास अर्धी मात्रा चुकल्या, आणि त्यांच्या उभ्या कारकीर्दीत ही एकच चूक. रयतेने टाळी वाजविली नाही; ती श्वास धरून होती. भुजंगराव उभेच होते. त्यांनी या वेळी बोटांवर मात्रा मोजिल्या नाहीत. सोळावी मात्रा पडली तेव्हा शेजारच्या परक्या गृहस्थाचे मनगट धरून ते म्हणाले, ‘हे मी कधी ऐकलं नव्हतं हो,’ आणि मग खाली बसले.

ऐसे हे वर्तमान. त्या पौर्णिमेनंतर राज्याने आणखी नऊ दरबार केले, आणि मग बाईसाहेबांनी गळ्यास विश्रांती दिली, आणि माइक, स्पीकर, टेंपो ज्याचे त्यास गेले. त्या नऊही दरबारी पहिल्या रांगेत हाताची एक खुर्ची राखिलेली असे, आणि त्या सोळा मात्रा दर वेळी निराळ्या वाजल्या, आणि दरबार उठल्यावर त्यांत काय चुकले हे भुजंगराव नीळकंठरावांस टेंपोत घरापर्यंत सांगत येत. लिहिणाराने नऊंपैकी सात ऐकिले. दोन दरबारी प्रकृतीमुळे जाणे जाहले नाही, त्याचा खेद आहे.